पूर्ण एक मिनिट : प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकांसाठीच्या रुग्ण-तपासणी प्रशिक्षणाविषयी

मी ज्या ज्या आरोग्य केंद्रांत काम केले, तेथील नोंदवह्यांमध्ये श्वसनगतीचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला, तर १८ आणि २० यांखेरीज तिसरा आकडा क्वचितच सापडतो. तापाने फणफणलेला शेतमजूर असो, बाळंतपणासाठी आलेली पहिलटकरीण असो वा दम्याने रात्रभर बसून काढलेली म्हातारी असो, सगळ्यांचा श्वास कागदावर सारखाच चालतो. माझ्या हातची पानेही त्यांत आहेत. सोळा वर्षांच्या नोकरीत मी आणि माझ्या सहकारी एकमेकींना हेच सांगत आलो की नाडी आणि रक्तदाब पाहायलाच वेळ अपुरा पडतो, तेथे श्वास मोजायला पूर्ण एक मिनिट आणायचे कोठून. आणि सांगता सांगता त्यात काही वावगे आहे, असे वाटणेही बंद झाले. गेल्या पावसाळ्यात मी रुग्णाच्या आरोग्य मूल्यांकनावरचे एक सातत्यपूर्ण शिक्षणाचे प्रशिक्षण घेतले. त्याविषयी लिहिताना याच रकान्यापासून सुरुवात करावीशी वाटते, कारण त्या प्रशिक्षणाने मला जे दिले ते आणि जे दिले नाही ते, दोन्ही मला तेथेच दिसते.

हे प्रशिक्षण जिल्ह्याच्या शहरातील एका परिचर्या शिक्षण संस्थेने घेतले. कालावधी आठ आठवड्यांचा होता. पहिले सहा आठवडे ध्वनिचित्रफिती पाहून घरी अभ्यास करायचा आणि शेवटच्या दोन आठवड्यांत तीन-तीन दिवस कौशल्य प्रयोगशाळेत प्रत्यक्ष हजर राहायचे, अशी रचना होती. शुल्क २,५०० रुपये होते. त्यात छापील पुस्तिका आणि सरावाच्या दिवसांचे जेवण धरलेले होते. तुकडीत आम्ही २४ जण होतो. त्यांत उपकेंद्रांतील आरोग्य सेविका, केंद्रांतील अधिपरिचारिका, दोन आरोग्य सहायिका आणि काही सामुदायिक आरोग्य अधिकारी होते. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणीचे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी अशा शिक्षणाचे श्रेयांक लागतात, म्हणून बहुतेक जणी आल्या होत्या. मीही त्याच हेतूने नाव नोंदवले होते.

ध्वनिचित्रफितींविषयी फार लिहिण्यासारखे नाही. त्यांतील माहिती अचूक आहे, पण बोलणारी व्यक्ती पडद्यावरचा मजकूरच वाचून दाखवते आणि मराठी शब्दांच्या जागी वाक्यागणिक इंग्रजी संज्ञा येतात. सातपुड्याच्या पायथ्याशी जेथे मी राहते, तेथे रात्री अकरानंतरच मोबाइलला बरी रेंज मिळते. त्यामुळे एकेक पाठ पाहायला दोन-दोन रात्री लागल्या. पाठ आधीच उतरवून घेऊन नंतर पाहण्याची सोय असती, तर धडगाव-अक्कलकुव्याकडच्या भगिनींचे हाल तरी वाचले असते. त्यांच्यापैकी एकीने सारे पाठ केंद्राच्या गच्चीवर उभे राहून पाहिले, असे तिने मला सांगितले.

प्रत्यक्ष सरावाचे सहा दिवस मात्र वेगळ्याच तोलाचे होते आणि या परीक्षणाचा मोठा भाग मी त्यांनाच देणार आहे.

पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या मॅडमनी आम्हांला जोड्या-जोड्यांनी बसवले आणि समोरच्या व्यक्तीचा श्वास मोजायला सांगितला. तिला कळू न देता, नाडी पाहण्याच्या निमित्ताने मनगट हातात धरून, पूर्ण एक मिनिट. त्याच वेळी त्या स्वतः आणि त्यांच्या साहाय्यक आमच्या पाठीमागे उभ्या राहून स्वतंत्रपणे मोजत होत्या. २४ जणांपैकी पहिल्या खेपेला बरोबर आकडा आला तो मोजक्याच जणांचा. मी १८ सांगितले. त्या म्हणाल्या १४. मी अर्धा मिनिट मोजून दुप्पट केले होते आणि त्यातही पहिला श्वास एक धरण्याऐवजी माझ्या मनातला आकडा आधीच ठरलेला होता. त्यांनी मला कमी लेखले नाही, फक्त पुन्हा मोजायला लावले, आणि नंतर पुन्हा एकदा. तिसऱ्या खेपेला आमचे आकडे जुळले. सोळा वर्षांत माझ्या हाताचे मोजमाप कोणी दुसऱ्या हाताने ताडून पाहिले, असे त्या दिवशी पहिल्यांदा घडले. सेवेत आल्यावर आम्हांला नव्या योजनांची, नव्या नमुन्यांची, नव्या ॲपची प्रशिक्षणे मिळतात. पण रोज शंभरदा केली जाणारी साधी कृती हळूहळू कोठे घसरत गेली आहे, हे तपासणारे प्रशिक्षण मला तरी यापूर्वी मिळाले नव्हते.

दुपारी मुलांचे श्वास आले. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक, २ महिने ते १२ महिन्यांपर्यंत ५० किंवा अधिक आणि १ ते ५ वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास असतील तर तो जलद श्वास धरायचा, हे आकडे आम्हां सगळ्यांना तोंडपाठ होते. पण बाळ रडत असताना मोजलेला आकडा वापरायचा नाही, बाळ आईच्या मांडीवर शांत असताना अंगातले झबले वर करून पोट आणि छाती दोन्ही दिसतील असे बसायचे, लहान अर्भकाचा आकडा ६० किंवा त्याहून वर आला तर पुन्हा मोजायचा, आणि श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो का हे निराळे पाहायचे, या गोष्टी आम्ही ‘माहीत आहे’ म्हणून केव्हाच सोडून दिल्या होत्या. मॅडमनी वेगवेगळ्या बाळांच्या आवाजरहित चित्रफिती लावल्या आणि प्रत्येकीवर आमच्याकडून आकडा लिहून घेतला. ध्वनिचित्रफितींचा इतका योग्य उपयोग संपूर्ण प्रशिक्षणात दुसरा झाला नाही.

दुसरा दिवस रक्तदाबाचा होता आणि माझ्या मते तोच प्रशिक्षणाचा सर्वांत मोलाचा दिवस. नियम सगळे ओळखीचे होते. रुग्णाने पाच मिनिटे शांत बसलेले असावे, पाठीला आधार असावा, पाय जमिनीवर टेकलेले आणि एकमेकांवर न चढवलेले असावेत, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर टेकवलेला असावा, अर्ध्या तासात चहा, बिडी किंवा तंबाखू झालेली नसावी, लघवी करून आलेले असावे आणि मोजताना बोलू नये. आता आमच्या बाह्यरुग्ण विभागातील चित्र पाहा. बाई कडेवर मूल घेऊन तासभर रांगेत उभी असते, नंबर लागताच पाठ नसलेल्या स्टुलावर बसते, पोलक्याची घट्ट बाही वर सरकवून आम्ही तिच्याखाली पट्टी बांधतो, तिचा हात हवेत लोंबतो आणि आम्ही पंप दाबता दाबता विचारतो, ‘काय होतंय?’ यातील प्रत्येक गोष्ट आकडा बदलते. वर सरकवलेली घट्ट बाही दंड आवळून धरते, लोंबणारा हात आकडा वाढवतो आणि बोलणेही वाढवते. हे सगळे आमच्यापैकीच एकीवर प्रत्यक्ष करून दाखवले गेले. तिचा रक्तदाब आधी आमच्या सवयीने मोजला, मग नियमाने मोजला आणि दोन्ही आकडे फळ्यावर लिहिले. त्यानंतर त्या विषयावर कोणी वाद घातला नाही.

पण माझ्यासाठी खरी नवी गोष्ट पट्टीच्या मापाची होती. दंडाला गुंडाळायच्या पट्टीतील रबरी पिशवी दंडाच्या घेराचा निदान ८० टक्के भाग वेढणारी आणि घेराच्या सुमारे ४० टक्के रुंद असावी लागते. जाड दंडाला लहान पट्टी बांधली तर रक्तदाब खोटा वाढलेला दिसतो, हे आम्हांला शाळेपासून शिकवले होते. त्याची दुसरी बाजू कोणी ठासून सांगितली नव्हती: बारीक दंडाला मोठी पट्टी बांधली तर रक्तदाब खोटा कमी दिसतो. प्रौढांची नेहमीची पट्टी साधारण २७ ते ३४ सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी असते आणि २२ ते २६ सेंटीमीटरसाठी लहान पट्टी वेगळी मिळते. आमच्या पाड्यांवरच्या कितीतरी गरोदर बायांचा दंड टेपने मोजला तर बावीसच्या आसपास भरतो. गरोदरपणाच्या २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला आणि लघवीत प्रथिने आली, की ती जोखमीची माता होते. आणि नेमक्या त्याच मातेचा आकडा आमची मोठी पट्टी रेषेच्या खाली ओढत असेल, हा विचार मी त्या दिवसापर्यंत केलेला नव्हता. प्रशिक्षणाहून परतल्यावर मी लहान पट्टी पदरचे पैसे घालून मागवली, कारण मागणीपत्र पाठवून ती येण्याची वाट पाहणे मला जमले नाही. पहिल्याच महिन्यात आठव्या महिन्यातल्या एका मातेचा रक्तदाब मोठ्या पट्टीने १३४/८४ आला होता, तो लहान पट्टीने १४२/९० आला. काही तासांनी पुन्हा मोजला तरी तेवढाच होता आणि लघवीच्या पट्टीवर प्रथिने दिसली. तिला वेळेत वरच्या रुग्णालयात पाठवता आले. एका मातेवरून नियम ठरत नाही, हे मला मान्य आहे. पण आता माझ्या टेबलावर दंडाचा टेप कायमचा आहे.

याच दिवशी आधी मनगटावरची नाडी बोटांनी धरून पट्टी फुगवायची, नाडी कोठे नाहीशी होते ते पाहायचे, मग त्याच्यावर ३० अंक चढवून सेकंदाला दोन-तीन अंक या गतीने हवा सोडायची, ही पद्धतही पुन्हा घोटून घेतली. काही रुग्णांमध्ये स्टेथोस्कोपमधून येणारे नाडीचे आवाज मध्येच काही काळ ऐकूच येत नाहीत आणि नाडी न धरता मोजणारी परिचारिका त्या शांततेच्या खालून मोजायला सुरुवात करते, म्हणून वरचा आकडा फसतो. स्वयंचलित यंत्रे आल्यापासून ही पद्धत विसरत चालली आहे, पण बॅटरी संपल्यावर हातात स्टेथोस्कोपच येतो.

तिसऱ्या दिवशी पाहणे, चाचपणे, ठोकून पाहणे आणि ऐकणे या चार पायऱ्या झाल्या. पोट तपासताना हा क्रम बदलतो, आधी पाहायचे, मग ऐकायचे आणि हात नंतर लावायचा, कारण हात लावल्याने आतड्यांचे आवाज बदलू शकतात, हे येथे नीट समजावले गेले. शिकवणाऱ्या सरांनी सांगितलेला एक इतिहास मला विशेष आवडला: छाती ठोकून आतली स्थिती ओळखण्याची रीत १७६१ मध्ये व्हिएन्नातील लिओपोल्ड आउएनब्रुगर या वैद्याने प्रसिद्ध केली. त्याचे वडील खानावळवाले होते आणि दारूच्या पिंपांवर टकटक करून ते किती भरले आहे हे ओळखण्याची युक्ती त्याने घरात पाहिली असावी, असे मानले जाते. स्टेथोस्कोप त्यानंतर, १८१६ मध्ये, पॅरिसमधील लाएनेक यांच्या कागदाच्या गुंडाळीतून आला. आपल्याकडे धान्याची कणगी ठोकून पाहणाऱ्या बायांना ही रीत शिकवायला फार वेळ लागू नये. तरीही ठोकून पाहण्यावर खर्च झालेला अर्धा दिवस मला जास्त वाटला. उपकेंद्रात त्या कौशल्याचा वापर क्वचित होतो आणि त्या वेळात ज्या विषयांवर घाईघाईने बोलणे झाले, त्यांना न्याय देता आला असता.

त्या घाईत गेलेल्या विषयांतील पहिला म्हणजे सिकलसेल, हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहू नये, असे त्याचे उद्दिष्ट आहे. नंदुरबार आणि जळगाव-धुळ्याच्या सातपुडा पट्ट्यातील भिल्ल, पावरा समाजांत आम्ही तपासण्या करून कार्डे वाटत असतो. पण कार्ड असलेले मूल तापाने आणि अंगदुखीने आले, तर त्याच्यात काय काय पाहायचे? डोळे पिवळे आहेत का, फिकटपणा अचानक वाढला आहे का, पोटाच्या डाव्या बाजूला पानथरी (प्लीहा) हाताला लागते का आणि गेल्या खेपेपेक्षा वाढली आहे का, छातीत दुखून श्वास जलद झाला आहे का, या साऱ्याला प्रशिक्षणात अर्धा तास मिळाला. पुस्तिकेत त्यावर एकच पान आहे.

माझ्या भागासाठी मला पाठातच हवे होते ते असे उदाहरण. एक वर्षाच्या बाळाचे दोन्ही पाय सुजलेले आहेत. ही सूज तीव्र कुपोषणाची असेल तर दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबल्यावर खळगा राहतो आणि बाळाला विशेष दुखत नाही. सिकलसेलमुळे हाता-पायाची सूज असेल तर ती दुखरी असते, बाळ हात लावू देत नाही आणि सहसा खळगा राहत नाही. एका बाळाला पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायचे आहे आणि दुसऱ्याला वेदनाशामक, पाणी आणि रक्ततपासणी हवी आहे. दोन्ही बाळे एकाच पाड्यावरून एकाच आठवड्यात येऊ शकतात, आणि एकाच बाळाला दोन्ही आजार असू शकतात. तसेच, हगवण झालेल्या बाळाची पोटावरची त्वचा चिमटीत धरून सोडल्यावर हळू मागे जाते का, हे पाहून आपण शरीरातील पाण्याची कमतरता ठरवतो. पण दंडघेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी असलेल्या, वाळलेल्या बाळात ही खूण फसवी असते, कारण त्याच्या त्वचेखाली चरबीच उरलेली नसते. हा मुद्दा मी प्रश्न विचारला म्हणून सांगितला गेला. तो पाठात नव्हता. शहरातील रुग्णालय डोळ्यांसमोर ठेवून अभ्यासक्रम आखला की अशा जागा सुटतात.

उष्माघाताचा तर उल्लेखही झाला नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि केळीच्या बागांत कामावर असलेली माणसे दुपारी आणली जातात. त्यांच्या काखेतला थर्मामीटर आतल्या तापमानापेक्षा कमी दाखवतो. म्हणून आकड्यापेक्षा माणूस बरळतो आहे का, विचारलेले समजते आहे का, चालताना तोल जातो आहे का, हे आधी पाहायचे आणि पाण्याने अंग गार करायला ताबडतोब सुरुवात करायची, एवढे तरी अभ्यासक्रमात यायला हवे. संस्थेने अभिप्राय मागितला तेव्हा हे मी लेखी दिले आहे.

माहिती विचारून घेण्याचा पाठ चांगला होता, पण तो प्रमाण मराठीत बोलणाऱ्या, शिकलेल्या रुग्णाला धरून होता. ‘तुम्हाला उच्च रक्तदाबाचा पूर्वेतिहास आहे का?’ या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर ‘नाही’ असेच येते. ‘बीपीनी गोळी कधी खाल्ली का माय, काही कागद शे का घरमा?’ असे विचारले तर पिशवीतून तीन वर्षांपूर्वीचा केसपेपर निघतो. ‘जीव घाबरा व्हस’ असे म्हणणारी आजी कधी छातीतील धडधड सांगत असते, कधी चक्कर, कधी दम, आणि कधी घरात झालेल्या भांडणाविषयीच बोलायला आलेली असते; ते उलगडण्यासाठी दोन प्रश्न अधिक विचारावे लागतात. पावरी बोलणाऱ्या रुग्णासाठी तर मी आशाताईला शेजारी बसवते. आणखी एक प्रश्न मी माझ्या यादीत स्वतः घातला आहे: ‘दिवाळीनंतर कोठे होता?’ आमच्या पाड्यांवरची कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात, त्या काळात गरोदर बाईची तपासणी चुकते, सुरू असलेली औषधे मध्येच सुटतात आणि परत आल्यावर सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. स्थलांतर हा रुग्णाच्या माहितीचाच भाग आहे, आणि तो कोणत्याही छापील नमुन्यात नाही.

चौथ्या दिवशी धोक्याच्या सूचना आधीच ओळखण्यासाठी गुण देण्याची एक पद्धत शिकवली गेली. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने ती २०१२ मध्ये आणली आणि २०१७ मध्ये सुधारली. श्वसनगती, रक्तातील ऑक्सिजन, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्धी आणि ताप यांना गुण द्यायचे, बाहेरून ऑक्सिजन लावला असेल तर त्याचेही वेगळे गुण धरायचे, आणि बेरीज पाच झाली की तातडीने डॉक्टरांना कळवायचे, सात झाली की आणीबाणी मानायची. पद्धत सोपी आहे आणि आमच्यापैकी अनेकींनी तिचा तक्ता भिंतीवर लावण्यासाठी मागून घेतला. मात्र ही पद्धत १६ वर्षांखालील मुलांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी नाही, हे तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेले होते आणि शिकवताना एकदाच, ओझरते सांगितले गेले. प्राथमिक केंद्रातील बहुतांश रुग्ण माता आणि मुलेच असतात. गरोदर बाईला हा तक्ता लावून ‘गुण कमी आहेत’ म्हणून घरी पाठवले गेले, तर चूक तक्त्याची नसेल, पण ती तशी होऊ नये म्हणून पहिल्या वाक्यात हेच सांगायला हवे होते. मी माझ्या भिंतीवरच्या तक्त्यावर लाल शाईने ते लिहिले आहे.

ऑक्सिमीटरविषयी मात्र काळजीपूर्वक सांगितले गेले. नखांचे रंग, गार पडलेली बोटे, हलणारा हात यांनी आकडा बिघडतो. रक्त अगदी कमी असलेल्या रुग्णात ऑक्सिजनची टक्केवारी चांगली दिसूनही शरीराला पुरेसा ऑक्सिजन पोहोचत नसतो, आणि सावळ्या-काळ्या त्वचेवर यंत्र प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकते. करोनाच्या काळात आम्ही घरोघरी हे यंत्र लावत फिरलो, तेव्हा हे कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

पाचव्या दिवशी वरच्या रुग्णालयाला फोनवर रुग्ण कसा सोपवायचा, याचा सराव झाला. परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यांकन आणि शिफारस या चार टप्प्यांची ही रीत अमेरिकेच्या नौदलातील पाणबुड्यांवरून आरोग्यसेवेत आली. आमचा नेहमीचा फोन असा असतो: ‘सर, एक पेशंट पाठवतेय, सिरियस आहे.’ पलीकडून ‘काय झालंय?’ असे विचारले की आम्ही अडखळतो. सरावात एकीने पलीकडच्या डॉक्टरांची भूमिका घेतली आणि ती मुद्दाम चिडून, घाईघाईने बोलत होती. पहिल्या खेपेला माझे वाक्य तिसऱ्या शब्दाला तुटले. चौथ्या खेपेला मी म्हणू शकले: ‘मी अमुक केंद्रातून बोलते आहे. आठव्या महिन्याची माता आहे, रक्तदाब १६०/११० आहे, तो मी दोनदा मोजला आहे, डोके दुखते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते असे ती सांगते. पूर्वी रक्तदाब नव्हता. मला हा गरोदरपणातील रक्तदाबाचा गंभीर प्रकार वाटतो. मी तिला १०८ ने पाठवते आहे, निघण्याआधी काय द्यायचे ते सांगा.’ या शेवटच्या दोन वाक्यांचे धैर्य आम्हां परिचारिकांकडे कमी असते. आपले मत सांगणे म्हणजे डॉक्टरांच्या कामात ढवळाढवळ, असे आम्हांला वर्षानुवर्षे वाटत आले आहे. रस्ता नसलेल्या पाड्यावरून झोळीत घालून माणूस खाली आणायला दोन तास लागतात, तेथे त्याला प्रथम पाहणाऱ्या बाईचे मत पुढे पोहोचले नाही, तर मधला वेळ कोणाच्याच उपयोगाचा राहत नाही. हा अर्धा दिवस मी पुन्हा शुल्क भरूनही घेईन.

सहाव्या दिवशीची परीक्षा निराशाजनक होती. पाच दिवस हाताचे काम तपासले आणि शेवटी ५० पर्यायी प्रश्नांची लेखी परीक्षा घेतली. एकेकीला रुग्णापाशी उभे करून दहा मिनिटे पाहिले असते, तर ती या प्रशिक्षणाला शोभणारी परीक्षा झाली असती. प्रमाणपत्र मिळायला तीन महिने लागले. त्यानंतर संस्थेकडून एकही फोन आला नाही. हात पुन्हा जुन्या वळणावर जायला सहा महिने पुरेसे असतात, आणि सहा महिन्यांनी कोणीतरी येऊन आमच्या शेजारी उभे राहून एकदा श्वास मोजावा, एवढीच माझी अपेक्षा होती. ती अपेक्षा पूर्ण होईना, म्हणून आमच्या केंद्रात आम्ही दोघींनी दर सोमवारी सकाळी ओपीडी सुरू होण्याआधी तीन रुग्णांचा श्वास आणि रक्तदाब वेगवेगळा मोजून ताडून पाहायला सुरुवात केली आहे. नोंदवहीत आता २६, १६, ३२ असे आकडे दिसतात.

ज्यांना हे प्रशिक्षण घ्यायचे आहे त्यांना माझे सांगणे असे. नोकरीची पाच-सात वर्षे झालेल्यांना त्याचा सर्वाधिक उपयोग होईल. नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या मुलींना त्यातील बरेच ताजे आठवत असेल. श्रेयांकांपुरते नाव नोंदवायचे असेल तर याहून सोपे आणि स्वस्त मार्ग आहेत. तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून आधी लेखी कार्यमुक्ती घ्या, नाहीतर सरावाच्या सहा दिवसांत लसीकरणाच्या दिवसासाठी परत बोलावले जाते. आमच्यापैकी दोघींना तसे बोलावले गेले आणि त्यांचा रक्तदाबाचा दिवस बुडाला. आपला स्वतःचा स्टेथोस्कोप आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ बरोबर न्या, कारण तेथे दोन्ही कमी पडतात. आणि आपल्या भागातील दोन अवघड रुग्णांच्या नोंदी, नावे वगळून, कागदावर लिहून न्या. सिकलसेलच्या बाळाचा कुपोषणाशी असलेला गुंता मी असाच लिहून नेला होता, म्हणून त्यावर बोलणे झाले. पुढील तुकडी हिवाळ्यात आहे, आणि आमच्या उपकेंद्रातील आरोग्य सेविकेचे नाव मी तिच्याशी बोलून नोंदवले आहे.